आधी बेडकीला

तारापूरला वीजघर उभं राहत होतं, तेव्हाची गोष्ट. बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी सदा पाण्यातच राहणाऱ्या विलायती बेडक्या काचेच्या टाकीत पाळल्या होत्या आणि त्यांना भरवायचं काम घरकामाला येणाऱ्या नवसीकडे होतं. आज बकऱ्याची कलेजी, उद्या गांडुळं, परवा जवळा. "रोज एकच खाणं दिलं तर आजारी पडतात गं," बाई म्हणायच्या. नवसीला मात्र हे लक्षण काही ठीक वाटेना. तिच्या पाड्यावर एवढे लाड एकाच जिवाचे होत, देवाला बोललेल्या कोंबड्याचे.

काल भांडी घासताना तिला ओकारी आली, तर बाईंनी तिच्याकडून बाटलीत लघवी मागून घेतली आणि सुईनं एका बेडकीला टोचली. आणि आज सकाळी कलेजीची वाटी टाकीकडे न जाता तिच्याच पुढ्यात आली, सोबत उकडलेलं अंडं आणि पेलाभर दूध.

नवसी भिंतीला टेकली. "बाय, मना कवा कापणार?"

बाईंना हसू आवरेना. त्यांनी तिला हाताला धरून टाकीशी नेलं. तळाशी मोहरी सांडावी तशी अंडी पसरली होती.

"दिवस गेलेल्या बाईची लघवी टोचली, की ही अंडी घालते. मूल व्हावं म्हणून इतकी वर्षं देवाला कोंबडे कापलेस ना? आता स्वतः खा."

नवसीनं वाटीतला सगळ्यात मोठा तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि आधी बेडकीला टाकला.