शेजारची सीट

"एक भोक जरी पाडलंस ना पोरी, तर बघ," फर्मीन म्हाताऱ्याने पुन्हा बजावलं. सकाळपासून कितव्यांदा, कोण मोजतंय!

योलांदा डॅशबोर्डखाली उताणी पडून तारा जोडत होती. व्हिटियर रस्त्यावर तिचं स्वतःचं गाड्यांच्या स्टिरिओचं दुकान होतं. पण बापाच्या सन त्रेसष्टच्या इम्पाला गाडीला हात लावायची परवानगी तिला आज पहिल्यांदाच मिळाली होती. तीही अटींवर. गाडीचा तोंडवळा जसाच्या तसा राहिला पाहिजे. जुना रेडिओ, त्याची काच, त्याची दोन बटणं, सगळं जागच्या जागी. नवं काय घालायचं ते पोटात घाल, म्हणे, पण रेडिओ नको, आईच्या आवडीची गाणी तेवढी वाजू देत. आणि काम आज रविवारीच संपव.

"शेजारच्या सीटला नीट ऐकू येईल ना?" म्हाताऱ्याने वाकून विचारलं.

"तिथे बसतंय कोण, अपा? आई गेल्यापासून एकटेच तर फिरता तुम्ही."

"तोंड कमी चालव. पक्कड जास्त चालव."

योलांदाने पक्कड उचलली. एरवी तिने सोडलं नसतं, पण आज त्याला चिडवून चालणार नव्हतं. उद्या रामिरो सुटणार होता.

रामिरो तिचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी चोरीच्या गाड्यांचे भाग विकताना टोळीबरोबर पकडला गेला. तो आत असतानाच आई गेली. दफनाच्या दिवशी सगळ्या भाऊबंदांसमोर फर्मीन म्हणाला, "मला एक मुलगी आहे. बस." तेव्हापासून घरात रामिरोचं नाव निघालं नव्हतं. म्हातारा एकदाही त्याला भेटायला गेला नव्हता. योलांदाच्या नवऱ्याने त्याला घरात घ्यायला आधीच नकार दिला होता. उद्या तुरुंगाच्या गेटवर त्याला घरी न्यायला कुणी नसेल, पण टोळीवाले गाडी घेऊन हजर असतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. एकदा का रामिरो त्या गाडीत बसला, की संपलं. पुन्हा तेच, नाहीतर थेट आईच्या शेजारी मातीत.

म्हणून तिने एक डाव टाकला होता. रविवारी संध्याकाळी रेडिओवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागे. बाहेरचे लोक तुरुंगातल्यांना आणि तुरुंगातले बाहेरच्यांना गाणी पाठवत. आधी फोनवर सांगून ठेवलेला निरोप ज्याच्या त्याच्या आवाजात लावत. योलांदाने तो कार्यक्रम कधी ऐकला नव्हता. त्या वेळी दुकानात चार स्टिरिओ एकदम बोंबलत असत. आत सगळे कान लावून बसतात, हे रामिरोनेच तिला सांगितलं होतं. आज सकाळी तिने फोन करून त्याच्या वतीने निरोप दिला होता: रामिरोकडून अपांना, चूक झाली, घरात घ्या. समोरासमोर नाव काढलं असतं तर म्हातारा उठून गेला असता. रेडिओवर कसा ओरडणार?

"झालं," ती उठून शेजारच्या सीटवर बसली. फर्मीन स्टिअरिंगमागे बसला. समोर सगळं जुनंच दिसत होतं. त्याने समाधानाने मान हलवली.

"आता आईची गाणी लाव."

योलांदाने समोरच्या खणात हात घालून रेडिओ लावला.

म्हातारा दचकला. "हे काय? रेडिओ नको म्हणून सांगितलं होतं!"

"स्टेशन पकडतंय का ते तर बघू द्या."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. चेहरा उतरला. "मला पाव आणायला जायचंय."

"बसा हो दोन मिनिटं! पाव कुठे पळून जातोय?"

"पोरी, बंद कर म्हणतो ना!"

त्याने दरवाज्याच्या कडीला हात घातला. रागाने, असं तिला वाटलं. आता हा उतरला की उद्या सकाळपर्यंत पुन्हा तोंड दाखवणार नाही. तिने त्याची बाही धरून ठेवली.

गाणं संपलं. रेडिओवरची बाई हसत म्हणाली, "आणि आता आपले रविवारचे आजोबा. नाव सांगत नाहीत, पण चार वर्षांत एक रविवार चुकवलेला नाही."

मेला हा आजोबा कुठे मध्येच कडमडला, योलांदा मनात चरफडली. माझा निरोप लागायचा सोडून!

फर्मीनने बाही हिसकून घेतली आणि झडप घालून जुन्या रेडिओचं बटण पिळलं. काही झालं नाही. त्याने दुसरं पिळलं, मग दोन्ही एकदम. पण ती बटणं आता नुसती शोभेची होती, त्याच्याच हट्टापायी ठेवलेली. खरं बटण योलांदाच्या गुडघ्यासमोरच्या खणात होतं.

"बंद कर! योलांदा, हात जोडतो, बंद कर ते!"

बापाने हात जोडलेले तिने जन्मात पाहिले नव्हते. घाबरून तिने खणाकडे हात नेला. तेवढ्यात रेडिओवर कुणीतरी घसा खाकरला, आणि तिचा हात तिथेच थांबला. लहानपणापासून त्या खाकरण्यावर दोघं भावंडं खेळ टाकून घरात पळत आली होती.

तिने शेजारी पाहिलं. फर्मीनने डोळे मिटून कपाळ स्टिअरिंगला टेकवलं होतं. शेजारच्या सीटला आवाज लख्ख येत होता.

"रामिरो, उद्या गेटवर मी येतोय, आपली इम्पाला घेऊन. दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाय ठेवलास तर तंगडं मोडीन. आणि हेही नेहमीसारखं ताईला बोलू नकोस, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."