स्वभावाची चिठ्ठी

"म्हणजे मी दुष्ट?" कमलाकांतांनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली.

"दुष्ट आणि बेबंद," ज्ञानेश्वरी म्हणाली. "नियम मानायचे नाहीत, दुसऱ्याचं भलं बघायचं नाही. खेळ संपेपर्यंत हा तुमचा स्वभाव."

"पाहुण्यांची मजा हाय," तिचा मावसभाऊ सुजीत हसला. त्याच्या चिठ्ठीत होतं: सज्जन, पण मनमौजी.

खेळ साधा होता. ज्ञानेश्वरी गोष्ट सांगणार, बाकीचे गोष्टीतली माणसं होणार. बेत साधला की फसला ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. सुजीतला या चिठ्ठ्या फालतू वाटायच्या. माणूस काय असा कप्प्यात बसतो? ज्ञानेश्वरीला त्या हव्याच असायच्या. चहापोह्यांसमोर सगळेच सज्जन. दुष्टपणाची मोकळीक दिली की माणूस दिसतो.

आणि तिला कमलाकांतांना नीट बघायचं होतं. स्थळ जमनामावशीने, सुजीतच्या आईने आणलेलं. "उमरोळीचा हाय. कुंभवलीला कारखान्यात चांगल्या जागेवर. तुमी दोघीच अशा किती दिवस राहणार? पण मी जोर नाय करणार. ज्ञानू हो बोलली तर हो."

उत्तर आज द्यायचं होतं. हो म्हटलं की घर बदलणार, गाव बदलणार. चुकलं तर मागे फिरणं नाही.

"आई, तूपण बस. एक माणूस कमी पडतोय."

"मला कुठे येतंय?" म्हणत रंभाबाई पदराला हात पुसत आली. तिच्या वाट्याला आलं: सज्जन, नियमाची पक्की. वाचून तिचं तिलाच हसू आलं.

पाण्याखालचं गाव.

माडांच्या झावळ्यांमधून मासे जातायत, हळू, घाई नसलेल्या पाखरांसारखे. छपरांवर वाळू साचलीय. अख्ख्या गावात एकच दिवा.

दिवा राखणारी एक बाई. ती तू, आई.

दिवा पळवेल त्याला वर जाता येईल, उन्हात.

ज्ञानेश्वरी सांगत होती, आणि खिडकीतलं दुपारचं ऊन भिंतीवर पाण्यासारखं हलत होतं. बाहेर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आत आला, तोही त्याच गावातला वाटला.

"मी दिवा चोरतो," कमलाकांत म्हणाले.

फासा गडगडला. सतरा.

"चोरलात. बाई अंधारात."

"एकटी?"

"एकटीच."

"तिला म्हणावं, तूपण चल. दिव्याच्या मागोमाग."

"ओ, तुम्ही दुष्ट!" सुजीत ओरडला.

"म्हणूनच तर. राखणीवरच्या बाईला राखण सोडायला लावतोय. याहून मोठा अपराध कुठला?"



पहारेकरी येतात. पाण्यातून, भाले टेकत.

"आई, ते तुला विचारतायत, चोर कुठे गेला? तू नियमाची पक्की. खरंच सांगावं लागेल."

रंभाबाईने चिठ्ठीकडे पाहिलं. पाहतच राहिली. तेवढ्यात माडांमधून माशांचा एक अख्खा थवा निघून गेला, चंदेरी.

"इथे कोण नाय आलं," ती म्हणाली.

"मावशी! खोटं?" सुजीतने कपाळावर हात मारला. "तुझ्या स्वभावात नाय बसत ते."

"मग स्वभाव बदल. फासा दे इकडे."

कमलाकांत खाली मान घालून हसले. ज्ञानेश्वरी आईकडे बघत राहिली. चार माणसं काय म्हणतील, याच्यापुढे या बाईने कधी पाऊल टाकलं नव्हतं. सुजीत काही म्हणो, चिठ्ठ्यांचा हा उपयोग होताच. स्वभाव लिहून दिला नसता, तर तो मोडलेला कळला कसा असता?

पाहुणे निघाले तेव्हा रंभाबाई त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेली. तेवढ्यात जमनामावशीचा फोन आला.

"काय गं ज्ञानू? काय कळवू त्यांना?"

फाटकाशी काहीतरी बोलणं चाललं होतं. इथवर ऐकू येत नव्हतं.

"हो कळव, मावशी."

"खरंच? नीट बघितलंस ना?"

"बघितलं. पण आईला सासरी एकटी नाय पाठवणार. पाठराखीण मी."