पारोसे हात

थोरली बहीण बाळंतज्वराने गेली, तेव्हापासून कल्याणच्या डॉक्टर विश्रामने त्या तापाची धास्तीच घेतली होती. आता धाकट्या वासंतीचे दिवस भरले होते. खोलीच्या दारात त्याने सुईणीपुढे कार्बोलिकच्या पाण्याचं घंगाळ ठेवलं.

"गंगुबाई, आत जाण्याआधी हात धुवा."

"अवो दाक्तर, विटाळ तर आत असतो. हात धुवायचे ते बाहेर आल्यावर!"

जंतू म्हटलं असतं, तर ती हसली असती. विश्राम म्हणाला, "आत बाळकृष्ण येतोय. त्याला पारोशा हातांनी शिवणार?"

गंगुबाईने कोपरापर्यंत हात धुतले.

बारशाला वासंती ठणठणीत होती. हरखलेला मामा भाच्याला उचलायला धावला, तशी गंगुबाई पाळण्याआड उभी राहिली.

"दाक्तर, देवाला शिवताय. घंगाळ तिकडं आहे!"