लग्नानंतरची वासरं

वळूने डॉयलला कुंपणाच्या लोखंडी दांड्यांवर चेपून धरलं होतं. शिंगाचं टोक मांडीत रुतलं होतं आणि जीन्स गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. कुंपणाबाहेर त्याची बायको व्हर्लीन उभी होती. तिचा ओठ फुटला होता. तो डॉयलनेच फोडला होता, पाच मिनिटांपूर्वी.

फाटकाची दोरी तिच्या हातात होती. ओढली की पलीकडचं कुरण मोकळं. कुरणात गाई होत्या, आणि गाई दिसल्यावर वळू माणसाच्या नादी लागत नाही.

"ओढ ना. बघतेस काय?"

"आधी सही कर."

भांडण त्या सहीचंच होतं. व्हर्लीनच्या बापाने मरताना तिच्या नावे साठ गाई ठेवल्या होत्या. टेक्सासचा कायदा मोठा गमतीचा. वारशाच्या गाई बायकोच्या एकटीच्या, पण लग्नानंतर त्यांना झालेली वासरं नवरा-बायको दोघांची. लग्नाआधी तसा करार केला तर वासरंही तिचीच राहतात. व्हर्लीनने केला नव्हता. प्रेमात पडलेली पोरगी कागद कशाला मागेल? डॉयलने मात्र कायदा नीट वाचला होता. दर वर्षी सासऱ्याच्या गाई तो म्हाताऱ्या झाल्या म्हणून बाजारात काढायचा आणि त्यांच्या कालवडी ठेवायचा. अकरा वर्षांत जुन्या गाई सात उरल्या. हात तर तो पहिल्या वर्षापासूनच उचलत होता. मागच्या महिन्यात त्याने घटस्फोटाची भाषा सुरू केली. जाताना निम्मा कळप नेणार होता.

लग्नानंतरही असा करार करता येतो, हे कळल्यावर व्हर्लीनने वकिलाकडून कागद करून आणला. गाई आणि त्यांची सगळी वासरं तिची, एवढंच त्यात होतं. वळूला लस टोचायला आले असताना तिने तो पुढे केला. डॉयलने तिच्या तोंडावर ठोसा मारला आणि उरलेला राग काठीने वळूवर काढला. वळू काही बायकोसारखा गप्प बसला नाही.

"व्हर्लीन, मरेन मी."

तिने दांड्यांमधून कागद आणि पेन आत दिलं. त्याने कागद दांडीवर टेकवून सही केली. तिला त्याची दया आली, खरंच आली. घरात न्यावं, जखम बांधावी, डॉक्टरला बोलवावं, असं मनात येऊन तिने दोरी ओढली. फाटक हातभर उघडलं. वळूने मान वर केली आणि शिंग मांडीतून निघालं.

कळ थांबली तशी डॉयलची जीभ सैल सुटली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

"येडी गं येडी," तो हसत म्हणाला. "अशी हात पिरगाळून घेतलेली सही कुठल्या कोर्टात टिकते? बाहेर येऊ दे मला. निम्मा नाही, सगळा कळप नेतो. आणि तुझं थोबाडही जाग्यावर ठेवत नाही."

वकीलही तेच म्हणाला होता. सही राजीखुशीची हवी.

"खरंय तुझं," व्हर्लीन म्हणाली आणि तिने दोरी सोडली. फाटक आपल्या वजनाने मिटलं. वळूने पुन्हा मान खाली घातली.

"विधवेला सही लागत नाही."