नुसतं कझिन

“कझिन ब्रदर नव्हे गं, नुसतं कझिन!” कुंदा पुन्हा एकदा म्हणाली.

प्रेमानं जीभ चावली. तिच्या शेजारी उभा असलेला नंदकिशोर हसला, आणि अकरावीच्या दांडगट पोरांना इंग्रजीच्या तासाला घाम फोडणारी कुंदा चक्क लाजली.

प्रेमा मुलुंडच्या त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. एका कचेरीत टायपिस्ट होती. इंग्रजी सुधारलं तर साहेबाची सेक्रेटरी होता येईल, म्हणून रोज संध्याकाळी कुंदाकडे शिकायला यायची. वर आलं की इंग्रजीतच बोलायचं, असा कुंदाचा दंडक होता. अडलं तरच मराठी. नंदकिशोर भांडुपच्या कारखान्यात सुपरवायझर होता. यायचा प्रेमाकडे, पण हल्ली जिना चढून वरही डोकवायचा.

“पण हे ब्रदरचं शेपूट आलं कुठून?” प्रेमानं विचारलं.

“आपल्याच लोकांनी जोडलंय. गोऱ्या साहेबाला चुलत, मामे, आते, मावस सगळे सारखेच. आपल्याला ते कोरडं वाटलं, मग लावला ब्रदर. साहेब जाऊन आठ-नऊ वर्षं झाली, शेपूट काही जात नाही. मला तर दाताखाली खडा आल्यासारखं होतं.”

“ब्रदर म्हटलेलं बरं असतं गं. लोकांच्या मनात भलतंसलतं येत नाही.”

“म्हणून काय लोकांसाठी इंग्रजी बिघडवायचं?”

प्रेमा पोरगी हुशार. थोड्याच दिवसांत “माय कझिन नंदकिशोर” असं इतक्या झोकात म्हणू लागली की कुंदाला आपल्या शिकवण्याचा अभिमान वाटला.

कुंदानं सत्ताविशी ओलांडली होती. स्थळं येत, पोहे खात आणि शिकलेली मुलगी डोईजड होते म्हणत निघून जात. नंदकिशोर मात्र तिच्याबरोबर पाच रस्त्याच्या नाक्यापर्यंत गप्पा मारत चालायचा. एकदा म्हणाला, “तुमच्यासारखं माणूस घरात असावं.” त्या एका वाक्यावर कुंदानं सगळा संसार मांडला.

तिनं हे फक्त प्रेमाला सांगितलं.

“मी आहे ना!” प्रेमानं तिचे हात धरले. “त्याची आई, माझी आत्या, जरा जुन्या वळणाची आहे, तिच्या कलानं घ्यावं लागेल. पण मी शब्द टाकते.”

मग दर रविवारी कुंदा बेसनाचे लाडू वळायची आणि पितळी डब्यात भरून प्रेमाच्या हाती नंदकिशोरला धाडायची. डबा रिकामा परत यायचा.

“चिमूटभर साखर तरी घालून द्यावी,” आई कुरकुरायची. “रिकामा डबा परत देतात का कुणी?”

“आई, ती आपल्यासाठी केवढं करतेय! तू काय डब्याचं घेऊन बसलीस?”

दसऱ्यानंतर नंदकिशोर यायचा बंद झाला. कारखान्यात जादा काम आहे, असं प्रेमा सांगायची. पण कुंदाचं मन खाऊ लागलं. गोड बोलून फसवलं मेल्यानं, असं वाटून एका संध्याकाळी ती प्रेमाच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. जगात एवढा एकच खांदा आपला आहे, असं तिला वाटलं. प्रेमा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तुळशीचं लग्न झालं आणि लगेचच्या रविवारी प्रेमा धापा टाकत वर आली. अंगावर नवी जरीची साडी, हातात तोच पितळी डबा. आज तो जड होता.

“आत्यानं होकार दिला!”

कुंदानं आईला हाक मारली. आईनं डबा उघडला. काठोकाठ पेढे. आईचे डोळे भरून आले. तिनं पहिला पेढा देवापुढे ठेवला, दुसरा कुंदाच्या हातावर.

“अगं, पण पत्रिका नाही, बैठक नाही,” आई म्हणाली. “आम्ही त्यांच्याकडे कधी जायचं?”

प्रेमानं पदर सावरला.

“बैठक काल झाली काकू, आमच्याच घरी. मामाची मुलगी करतात आमच्यात. आईबाबांच्या मनात कधीपासून होतं.”

कुंदानं हातातल्या पेढ्याकडे पाहिलं, मग प्रेमाकडे.

“पण तू तर त्याला ब्रदर...”

“म्हणायचे ना,” प्रेमा हळूच म्हणाली. “तूच काढायला लावलंस.”