विशेषनामाचा रकाना

नदीकाठच्या छावणीत म्यानमारमधून नदी ओलांडून आलेल्या करेन निर्वासितांचा इंग्रजीचा वर्ग भरला होता. मास्तरांनी फळ्यावर नामांचे रकाने आखले. पॉवाच्या आईने तांदूळ पदार्थवाचक नामांत लिहिला, भीती भाववाचक नामांत. "विशेषनामात तुमचं स्वतःचं नाव लिहा, मावशी," मास्तर म्हणाले. तिने लेकीचंच नाव लिहिलं. "परीक्षा लेकीची आहे का तुझी?" मागची बाई हसली. त्यांच्यात पहिलं मूल झालं, की बाईला त्याची आई म्हणूनच हाक मारत. नदी ओलांडताना पॉवाचा हात सुटला, त्यानंतर ती कुणालाच दिसली नव्हती. "परदेशी जायचं तर मुलाखतीत साहेबांना तुमचंच नाव सांगावं लागेल," मास्तर म्हणाले. "मग सगळे त्याच नावाने हाक मारतील. माझ्या पोरीचं नाव कोण घेईल?" तिने खडू टाकला आणि मागच्या बाईचा दंड धरला. "पॉवाची आई म्हणून मार हाक! नदीपलीकडे ऐकू जाऊ दे!"