धुकेवाल्यासारखे फोटो

"हे असे हवेत," मुलीने मोबाइल फोटोग्राफरच्या नाकासमोर धरला. "माझ्या लग्नातले सगळे फोटो अगदी असेच."

फोटोग्राफरने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मोबाइलवर कुणाच्या तरी लग्नातले फोटो होते म्हणे. धूसर पडद्यामागे कुणीतरी पाठमोरं उभं. अंधारात एक हात, त्या हातात दुसरा हात. खिडकीपाशी दोन काळ्या आकृत्या. त्यांतला नवरा कुठला आणि नवरी कुठली, हे त्यांच्या आईबापांनाही विचारूनच घ्यावं लागलं असतं.

"धुकेवाल्याचे," तो म्हणाला. दोन चौक पलीकडच्या त्या दुसऱ्या फोटोग्राफरला धंद्यातले सगळे याच नावाने ओळखत. आणि या हंगामात ज्याला त्याला धुकंच हवं होतं.

हा फोटोग्राफर मात्र समोरून फोटो काढायचा, लख्ख उजेडात. दुकानाच्या दर्शनी काचेत त्याने लावलेल्या फोटोंत काका पडलेल्या दातासकट हसत होते, मावश्या एकमेकींच्या अंगावर रेलून खिदळत होत्या आणि एका नवरीचे वडील चक्क नाक पुसत होते. दुसऱ्याची नक्कल करणार नाही, हे तो येईल त्याला ऐकवायचा. त्यामुळे हल्ली ऐकायला फारसं कुणी येत नव्हतं.

"मग त्याच्याकडेच जायचं होतं की," तो म्हणाला. गिऱ्हाइकाशी असं बोलू नये, हे सांगून सांगून त्याची बायको थकली होती.

"मी तेच म्हणत होते," मुलगी म्हणाली. "आईनेच इथला हट्ट धरला."

आई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तोंडाशी रुमाल धरलेला.

फोटोग्राफरची एक खोड होती. बोलणी पक्की करण्याआधी तो माणसांना पांढऱ्या पडद्यापुढे बसवून एक फोटो काढायचा. कॅमेरा समोर आला की कोण कसं अवघडतं, ते आधी कळलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. आजही त्याने दिवा लावला आणि दोन स्टुलं पुढे सरकवली.

"या, दोघीही बसा."

आई ताडकन उठली. "मला नको. मी जरा पाणी पिऊन येते," असं रुमालाआडूनच म्हणत ती आतल्या बोळात गेली.

मुलीने मोबाइल पालथा ठेवला. आता तिच्या आवाजातला मघाचा तोरा गेला होता.

"आजारपणात तिच्या चेहऱ्याची एक बाजू पडली. ओठ खाली ओढला गेलाय, डोळा नीट मिटत नाही. तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती उठून जाते. घरातल्या एकाही फोटोत ती नाही. माझ्या लग्नातल्याही फोटोत नसेल. त्या धुकेवाल्याच्या फोटोंत कुणाचाच चेहरा दिसत नाही. सगळेच पाठमोरे असले, सगळेच अंधारात असले, तर तिला एकटीला बाजूला व्हायला कारणच उरणार नाही. तिला वाटतं, मला या फॅशनचं खूळ लागलंय. वाटू दे."

फोटोग्राफरच्या जिभेवर धुकेवाल्यासाठी आणखी दोन टोमणे तयार होते. ते त्याने गिळून टाकले. तो आपली पद्धत छातीशी धरून बसला होता; आणि ही मुलगी आईला शेजारी उभं करता यावं म्हणून स्वतःच्या लग्नात स्वतःचा चेहरा सोडायला निघाली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"धुकं तर धुकं," तो म्हणाला. "पडदे लावू, दिवे मागे नेऊ. आईला तुझ्या शेजारीच उभं करतो, पाठमोरं. तू काळजी करू नकोस, पोरी. चांगले निघाले तर माझे, बिघडले तर धुकेवाल्याच्या नावावर खपवू."

मुलगी हसली, डोळे पुसले आणि रस्त्यापलीकडे लावलेली गाडी आणायला बाहेर पडली.

आई बोळातून आली ती दाराकडे न जाता सरळ टेबलापाशी. तिने एकदा काचेतून बाहेर पाहिलं, मुलगी लांब गेल्याची खात्री केली आणि तोंडावरचा रुमाल काढून मुठीत घेतला. चेहऱ्याची डावी बाजू खरंच स्थिर होती. उजवी थेट त्याच्याकडे बघत होती.

"तिच्या मनासारखे काढा सगळे," ती एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाली. "तिची हौस आहे. मला ते अंधारातलं काही कळत नाही, पण मी मोडता घालणार नाही. फक्त एक समोरून काढा. आम्हा दोघींचा, भरपूर उजेडात. तुमच्या काचेतली माणसं पाहिली, म्हणून तर तिला इथे घेऊन आले."

फोटोग्राफरने कॅमेरा उचलला.

"मग आत्ताच बसा की. दिवा लागलेलाच आहे."

"आत्ता नको." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, तशी ती रुमाल झटकून घडी घालू लागली. "डॉक्टरांनी तोंडाचा व्यायाम दिलाय. ती कामावर गेली की रोज आरशासमोर करते. हसू अजून अर्धंच येतं. लग्नापर्यंत पुरं करते."